नोंद आधी, स्क्रीन नंतर: बिझनेस ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट शिकणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विद्यापीठात बिझनेस ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट (कंपन्या-कार्यालयांच्या रोजच्या कामाचे प्रोग्रॅम बनवण्याचा विषय) घेतलं, पहिलं वर्ष संपत आलं. अभ्यासक्रमात डेटाबेस, सिस्टिम ॲनालिसिस, हिशेबशास्त्र, वेब प्रोग्रॅमिंग असं सगळंच थोडं थोडं आहे. हिशेबशास्त्र फुकटचं ओझं वाटतं. कुठली प्रोग्रॅमिंगची भाषा धरावी ते कळत नाही. कॉम्प्युटर सायन्सचे मित्र म्हणतात की तुमचं काम म्हणजे फॉर्म भरून घ्यायचे आणि तक्ते दाखवायचे, आणि तेही आता एआय करेल. शिवाय प्रोजेक्ट कोणता घ्यावा आणि सुट्टीत इंटर्नशिप कुठे करावी, हेही विचारलं आहे.

या क्षेत्रात बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत असं आहे की भाषेची काळजी सगळ्यात शेवटी करा. डेटाबेस आणि हिशेबशास्त्र हे दोन विषय मात्र मन लावून शिका, कारण पुढे कामावर ते कोणी शिकवत नाही. ते येतंच असं गृहीत धरतात. फ्रेमवर्क, म्हणजे कोड लिहायचा तयार सांगाडा, कुणीही दोन महिन्यांत शिकवतं.

आधी मित्रांच्या टोमण्याबद्दल. व्यवसायाच्या कामासाठी कॉम्प्युटर पहिल्यांदा नियमित वापरला तो ब्रिटनमधल्या लायन्स या चहागृहं आणि बेकरी चालवणाऱ्या कंपनीने. १९५१ मध्ये त्यांच्या 'लिओ' या यंत्रावर बेकरीच्या मालाचा खर्च काढायचं काम सुरू झालं, पुढे त्यावर पगारही होऊ लागले. तेव्हापासून आजवर या कामाचा गाभा फारसा बदललेला नाही. यात गणित किरकोळ असतं, बेरीज, वजाबाकी, टक्केवारी. अवघड असतं ते लक्षात ठेवणं: कोणी, कधी, कोणत्या अधिकाराने, कोणत्या नियमाखाली काय केलं, आणि पाच वर्षांनी कुणी विचारलं तर तेच उत्तर पुन्हा देता येणं. प्रोग्रॅम बदलतो, कंपनी विकली जाते, स्क्रीन चार वेळा नव्याने लिहिल्या जातात, पण ग्राहकांची, कर्मचाऱ्यांची आणि व्यवहारांची टेबलं (डेटाबेसमधले ओळी-रकाने) तशीच पुढे चालत राहतात.

सोपं वाटणारं एक उदाहरण घ्या, रजेचा अर्ज. कर्मचारी अर्ज करतो, साहेब मंजूर करतात, शिल्लक रजा कमी होते. तीन स्क्रीन, दोन टेबलं, शनिवार-रविवारात होईल. आता प्रत्यक्ष कार्यालयात जे होतं ते बघा. साहेबच रजेवर आहेत, मग मंजुरी कोणाची? अर्ज डिसेंबरच्या अखेरीस केला आणि मंजुरी जानेवारीत मिळाली, तर रजा कुठल्या वर्षाच्या खात्यातून जाणार? अर्ध्या दिवसाची रजा चालते का, आणि रजेच्या मधोमध सुट्टी आली तर ती मोजायची का? रजा मंजूर झाली, त्या महिन्याचा पगारही निघाला, आणि नंतर कळलं की माणूस त्या दिवशी कामावर होता. तेव्हा काय करायचं? रजेचा नियम वर्षाच्या मध्ये बदलला आणि तोही पूर्वलक्षी प्रभावाने, तर आधी मंजूर झालेल्या अर्जांचं काय? माणसाची बदली झाली. नव्या साहेबांना जुने अर्ज दिसावेत का?

यातल्या एकाही प्रश्नाला अल्गोरिदम लागत नाही, तरी प्रत्येक प्रश्न टेबलांची रचना बदलतो. 'शिल्लक रजा' हा एक आकडा कर्मचाऱ्याच्या ओळीत ठेवून कमी-जास्त करत राहिलात, तर वरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं कायमची हरवली. त्याऐवजी प्रत्येक घडामोडीची वेगळी ओळ ठेवली (रजा जमा झाली, वापरली, रद्द झाली, दुरुस्त झाली) आणि शिल्लक म्हणजे त्या ओळींची बेरीज असं मानलं, तर जवळजवळ सगळे प्रश्न हाताळता येतात. हे सुचण्यासाठी प्रतिभा लागत नाही. ज्याने हिशेबशास्त्र मनापासून शिकलं आहे त्याला ते आपोआप सुचतं, कारण ही खतावणीच आहे, म्हणजे प्रत्येक व्यवहार खात्यावर ओळीने चढवायची वही.

म्हणून आधी हिशेबशास्त्राबद्दलच बोलतो. द्विनोंदी पद्धत व्यापाऱ्यांनी वापरात आणली आणि १४९४ मध्ये लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने आपल्या गणिताच्या ग्रंथात ती मांडून छापली. पाचशे वर्षांहून अधिक काळ ती टिकली याचं कारण तिच्यात चुका पकडण्याची सोय अंगभूत आहे. प्रत्येक रक्कम दोन ठिकाणी लिहायची, एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा, आणि दोन्हींच्या बेरजा जुळल्या नाहीत तर कुठेतरी गडबड आहे हे लगेच कळतं. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: लिहिलेली नोंद खोडायची नाही. चुकली तर तिच्या उलट नोंद करायची आणि मग बरोबर नोंद करायची. तिन्ही ओळी कायम राहतात. डेव्हलपरच्या भाषेत सांगायचं तर पैशाच्या, साठ्याच्या किंवा हक्काच्या टेबलावर 'अपडेट' आणि 'डिलीट' चालवण्याआधी दहा वेळा विचार करायचा. लेखापरीक्षक येऊन विचारतो की हा आकडा कसा आला, तेव्हा "आता असाच आहे" हे उत्तर चालत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर ब्रिटिश पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण समजून घ्या. माझ्या मते या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पहिल्याच वर्षी शिकवायला हवं. शाखांचे हिशेब ठेवणारी ही प्रणाली १९९९ पासून वापरात आली. ती शाखांमध्ये तूट दाखवू लागली, आणि कॉम्प्युटरचा आकडा खरा मानून शाखा चालवणाऱ्यांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींचं दिवाळं निघालं. २०१९ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निकाल दिला आणि २०२४ मध्ये शिक्षा सरसकट रद्द करणारा खास कायदा करावा लागला.

यातला एक दोष तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाच्या आवाक्यातला आहे. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनच्या शाखेत ८,००० पौंडांची रोकड स्वीकारल्याची नोंद होत होती. स्क्रीन अडकली, म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं, आणि प्रणालीने ३२,००० पौंड स्वीकारल्याचं नोंदवलं. म्हणजे तेच बटण चार वेळा दाबलं तर चार नोंदी. हा दोष टाळायचा उपाय साधा आहे: व्यवहार सुरू होताना त्याला एक वेगळा क्रमांक द्यायचा, तो प्रत्येक विनंतीबरोबर पाठवायचा, आणि डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर 'युनिक' बंधन घालायचं. दुसऱ्यांदा आलेली तीच विनंती मग आपोआप नाकारली जाते. तुमच्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये 'सेव्ह' बटण पटापट तीनदा दाबून बघा. बहुतेक विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये तीन ओळी तयार होतात. बटण निष्क्रिय करणं हा उपाय नव्हे. नेटवर्क अडखळलं की विनंती पुन्हा जातेच.

आता डेटाबेस. माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची रिलेशनल पद्धत एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली, डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल, तिचं मूळ रूप १९७४ चं, आणि कोणत्या गोष्टींचा कशाशी संबंध आहे ते दाखवणाऱ्या ज्या ईआर आकृत्या तुम्ही काढता त्या पीटर चेन यांच्या १९७६ च्या. जुनं वाटतं म्हणून नाक मुरडू नका. ज्या फ्रेमवर्कसाठी तुमचे वर्गमित्र रात्र रात्र जागतात, त्यातली किती पन्नास वर्षं टिकतील ते बघायला आपण नसू.

नॉर्मलायझेशन (टेबलांतली पुनरुक्ती काढण्याचे नियम) परीक्षेपुरतं पाठ करतात तिथेच खरी गंमत हातची जाते. नियम सांगतो की एक माहिती एकाच ठिकाणी ठेवा; ग्राहकाचा पत्ता ग्राहकाच्या टेबलात, बीजकावर फक्त ग्राहकाचा क्रमांक. बरोबर. पण ग्राहकाने पत्ता बदलला आणि दोन वर्षांपूर्वीचं बीजक पुन्हा छापलं, तर त्यावर नवा पत्ता येतो. हे चूक आहे. त्या दिवशी माल ज्या पत्त्यावर गेला तोच बीजकावर दिसायला हवा. वस्तूच्या किमतीचं, कराच्या दराचंही तेच. मग नॉर्मलायझेशन खोटं का? नाही. 'ग्राहकाचा सध्याचा पत्ता' आणि 'या बीजकाचा पत्ता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्यांना एक समजत होतो. हा फरक ओळखणं हीच डेटा मॉडेलिंगची निम्मी विद्या आहे. प्राध्यापकांना हा प्रश्न विचारा, तासाला जान येईल.

इथूनच काळाचा प्रश्न येतो. व्यवसायात प्रत्येक गोष्टीला दोन तारखा असतात: ती कधीपासून लागू झाली आणि आपल्याला ती कधी कळली. पगारवाढ एप्रिलपासून लागू, आदेश जुलैत आला. जूनचा पगार त्या वेळी बरोबरच काढला होता, पण आजच्या माहितीनुसार तो कमी आहे. दोन्ही तारखा ठेवल्या नाहीत तर फरकाची रक्कम काढता येत नाही आणि जूनमध्ये तसा पगार का काढला होता हेही सिद्ध करता येत नाही. एसक्यूएलच्या २०११ च्या मानकात अशा कालबद्ध टेबलांची सोयच आणली गेली, यावरून प्रश्न किती सार्वत्रिक आहे ते कळेल. तुमच्या डेटाबेसमध्ये ती सोय नसली तरी दोन जादा रकाने घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

ट्रान्झॅक्शन (अनेक बदल एकत्र करणं, एक तर सगळे नाहीतर एकही नाही) हा धडा मात्र वाचून कळत नाही, करून बघावा लागतो. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस फुकट मिळतो, तो लावा. साठ्याचं एक टेबल करा, त्यात एका वस्तूची संख्या १ ठेवा. दोन टर्मिनल उघडा, दोन्हीत 'बिगिन' लिहा. पहिल्यात संख्या वाचा: १. दुसऱ्यातही वाचा: १. आता पहिल्यात संख्या ० करा आणि 'कमिट' करा, म्हणजे बदल पक्का करा. मग दुसऱ्यातही ० करा, 'कमिट' करा. कुठेही तक्रार नाही, चूक नाही, आणि एकच वस्तू दोन ग्राहकांना विकली गेली. डेटाबेसने काहीही बिघडवलं नाही; त्याच्या नेहमीच्या 'रीड कमिटेड' पातळीवर (इतरांचे पक्के झालेले बदल तेवढे दिसतात) हे चालतंच. ॲसिड, ॲसिड म्हणून ट्रान्झॅक्शनचे चार गुणधर्म (अखंडता, सुसंगती, अलगता, टिकाऊपणा) पाठ केलेले बहुतेक जण हे बघून चक्रावतात.

मग उपाय एकेक करून बघा. वाचतानाच 'सिलेक्ट फॉर अपडेट' लावा, म्हणजे ती ओळ अडवून ठेवा, दुसरं टर्मिनल थांबून राहील. किंवा वाचून लिहिण्याऐवजी थेट 'संख्या एकने कमी कर, पण ती एक किंवा जास्त असेल तरच' असा एकच अपडेट लिहा, आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आलं तर माल संपला. किंवा ओळीला आवृत्ती क्रमांक द्या आणि लिहिताना तो बदललेला नाही ना याची खात्री करा. प्रत्येक उपायाची किंमत वेगळी आहे. पहिल्यात माणसं खोळंबतात. आवृत्तीच्या उपायात ज्याने वीस मिनिटं बसून फॉर्म भरला त्याला शेवटी "दुसऱ्या कोणीतरी बदल केला आहे" असा निरोप मिळतो आणि तो वैतागतो. कुठे कोणता उपाय चालेल हे तिथलं काम ठरवतं. एक संध्याकाळ या प्रयोगावर घालवलीत तर पुढची बरीच वर्षं पुरेल एवढं शहाणपण मिळतं. या विषयातल्या पायाभूत कामासाठी जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार, कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च मान, मिळाला. तेव्हा 'फॉर्म आणि तक्ते' म्हणणाऱ्या मित्रांना हा प्रयोग जरूर दाखवा.

ओआरएम (कोडमधून आपोआप एसक्यूएल तयार करणारं साधन) वापरायला हरकत नाही, सगळेच वापरतात. पण आधी एसक्यूएल हाताने लिहायला शिका: जॉइन, ग्रुप, विंडो फंक्शन, आणि 'नल'चे (रिकाम्या, माहीत नसलेल्या किमतीचे) खोडसाळ स्वभाव. 'नॉट इन'च्या यादीत एक नल शिरला की क्वेरी एकही ओळ देत नाही, हे एकदा स्वतः अनुभवा. 'एक्सप्लेन' (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी आज्ञा) वाचायला शिका. शंभर ओळींवर वाऱ्यासारखं चालणारं पान एक कोटी ओळींवर का बसतं, ते तिथे दिसतं. आणि बंधनं डेटाबेसमध्ये घाला. 'कोडमध्ये तपासलं आहे' यावर विसंबू नका, कारण उद्या त्याच टेबलात दुसरा प्रोग्रॅम लिहिणार आहे, आणि परवा कोणीतरी थेट क्वेरी चालवणार आहे.

पैशाबद्दल एक गोष्ट पक्की करा: रक्कम कधीही फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नका. बहुतेक भाषांमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ असं काहीतरी येतं, कारण बरेचसे दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत. डेटाबेसमध्ये 'न्यूमेरिक', जावात 'बिगडेसिमल', सी शार्पमध्ये 'डेसिमल' वापरा. त्यानंतर आकडा गोल करण्याचा (राउंडिंगचा) प्रश्न. १०० चे तीन समान हप्ते केले तर ३३.३३ तीनदा, म्हणजे ९९.९९, उरलेलं ०.०१ कोणत्या हप्त्यात घालायचं? कर प्रत्येक ओळीवर काढून गोल करायचा की एकूण बेरजेवर? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि दोन्ही 'बरोबर' असू शकतात. ठरवतो तो कायदा किंवा करार, डेव्हलपर नव्हे. पायथनमध्ये राउंड(२.५) चं उत्तर २ येतं, ३ नाही, कारण तिथे मधोमध आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतात. तुमच्या हिशेबनीसाला हे माहीत नसेल आणि तुम्हालाही नसेल, तर महिनाअखेर ताळा जुळणार नाही आणि दोघंही एकमेकांकडे बघत बसाल. क्षुल्लक वाटतं? व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने मोजताना तिसऱ्या दशांशापुढचे आकडे गोल न करता कापून टाकले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो घसरत ५२४ च्या आसपास आला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर खरा आकडा १०९८ च्या घरात निघाला.

सिस्टिम ॲनालिसिसच्या तासाला ढीगभर आकृत्या काढायला लावतात. माझं स्पष्ट मत आहे की त्यातली स्टेट डायग्रॅम जिवाभावाने शिका, बाकीच्या परीक्षेपुरत्या. अर्ज, ऑर्डर, दावा, तक्रार, काहीही घ्या; ते कोणकोणत्या अवस्थांतून जातं, कोणत्या अवस्थेतून कुठे जाता येतं आणि तो अधिकार कोणाचा, हे एका पानावर मांडता आलं की निम्मे वाद तिथेच मिटतात. आणि वापरणाऱ्याला दाखवता येते अशी ती जवळजवळ एकमेव आकृती आहे. 'रद्द केलेली ऑर्डर पुन्हा चालू करता येते का?' असं विचारलं की समोरचा विचारात पडतो, कारण त्याला हे आजवर कोणी विचारलेलंच नसतं.

माणसांशी बोलण्याची कला अभ्यासक्रमात एका प्रकरणात उरकतात, कामावर मात्र ती रोज लागते. "तुम्ही हे काम कसं करता?" असं विचारलं तर लोक नियम सांगतात, जसं व्हायला हवं तसं. "मागच्या आठवड्यातली शेवटची केस काढा, ती दाखवा" असं म्हटलं तर जसं होतं तसं बाहेर येतं. समासात पेन्सिलने लिहिलेले शेरे, टेबलाच्या खणातली वही, आणि प्रत्येक कार्यालयात असतेच अशी कुणा एका अनुभवी व्यक्तीची एक्सेल फाइल, या तीन ठिकाणी खऱ्या गरजा सापडतात. ती एक्सेल फाइल हसण्यावारी नेऊ नका. अधिकृत प्रणालीने जे जे करायचं टाळलं ते सगळं त्या फाइलमध्ये आहे. तिच्या रकान्यांची नावं वाचा, रंग कशासाठी दिलेत ते विचारा. पिवळ्या रंगाचा अर्थ अनेकदा 'साहेबांशी बोलणं झालंय, कागद यायचाय' असा असतो, आणि ती अवस्था तुमच्या आकृतीत नसते.

वॉटरफॉल (आधी सगळं ठरवून मग क्रमाने बांधणं) की ॲजाइल (थोडं थोडं बांधून दाखवत जाणं), हा वाद परीक्षेत येईलच. एवढं लक्षात ठेवा की वॉटरफॉलचं मूळ म्हणून विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा जो लेख दाखवतात, त्यातच अशी सरळ एकामागून एक पायऱ्यांची पद्धत धोक्याची असल्याचं लिहिलं आहे. आणि २००१ च्या ॲजाइल जाहीरनाम्याचा अर्थ 'कागदपत्रं नकोत' असा कोणी सांगितला, तर त्याला तो पुन्हा वाचायला सांगा.

आता भाषा. जावा किंवा सी शार्प यांपैकी जी विद्यापीठ शिकवतं ती नीट शिका. पायथन शिकवत असतील तर तीही चालेल. ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट लागेलच. एक भाषा खोलवर आली की दुसरी काही आठवड्यांत येते. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) पहिल्याच वर्षी हाताळा. टेस्ट लिहायची सवय लावा, विशेषतः नियमांच्या कोडला. रजेच्या त्या सगळ्या विचित्र प्रश्नांतला एकेक प्रश्न म्हणजे एकेक टेस्ट. सॅपसारख्या तयार ईआरपी प्रणालींचा (अख्ख्या कंपनीचा कारभार एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पेपर असेल तर टाळू नका. ही कंपनी १९७२ पासून हेच करते आहे, आणि खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब हे विभाग एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते तिथे आयतं बघायला मिळतं. पुष्कळदा उत्तम उत्तर 'तयार प्रणाली घ्या, नवं लिहू नका' हेच असतं, आणि ते ग्राहकाला सांगायलाही ज्ञान लागतं.

सुरक्षेतलं एकच सांगतो, बाकी स्वतंत्र विषय आहे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपी या संस्थेच्या २०२१ च्या यादीत वेब ॲप्लिकेशनमधल्या धोक्यांत पहिल्या क्रमांकावर बिघडलेलं प्रवेश नियंत्रण होतं. म्हणजे लॉगिन बरोबर, पासवर्ड मजबूत, पण पत्त्याच्या पट्टीतला अर्ज क्रमांक १०२ चा १०३ केला की दुसऱ्याचा अर्ज उघडतो. मेनू लपवला म्हणजे अधिकार काढला असं होत नाही. 'या माणसाला ही ओळ बघायचा हक्क आहे का' हे प्रत्येक विनंतीला सर्व्हरवर तपासायचं.

प्रोजेक्टसाठी कृपा करून ऑनलाइन शॉपिंग, ग्रंथालय आणि हॉस्पिटल मॅनेजमेंट घेऊ नका. विषय वाईट म्हणून नव्हे. त्यात तुम्हाला नाही म्हणणारं कोणी नसतं. एखाद्या छोट्या गटाचं खरं काम घ्या: विभागातल्या उपकरणांची उसनवार, वसतिगृहाच्या दुरुस्तीच्या तक्रारी, एखाद्या संस्थेच्या देणग्यांच्या पावत्या. विषय जितका लहान तितकं बरं. सत्राच्या मध्यावर ते वापरात जायला हवं, शेवटच्या आठवड्यात नव्हे, कारण खरं शिकणं वापर सुरू झाल्यानंतर होतं. त्यांची जुनी माहिती आत घ्या. एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडेल, तारखांच्या जागी 'मागचा सोमवार' असं लिहिलेलं सापडेल. ती साफ करताना जे डोकं चालवावं लागतं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. एकदा मुद्दाम डेटाबेस उडवून बॅकअपवरून परत उभा करा. ज्याने बॅकअप कधी उघडून बघितला नाही त्याच्याकडे बॅकअप आहे असं मी मानत नाही. आणि तोंडी परीक्षेत स्क्रीन कमी दाखवा. 'वापरणाऱ्यांनी हा बदल मागितला, त्यामुळे टेबलांची रचना अशी बदलली, आणि आधीच्या नोंदींचं आम्ही असं केलं' एवढी एक गोष्ट नीट सांगितलीत तर मी परीक्षक असतो तर तेवढ्यावर समाधानी झालो असतो.

एआयबद्दल: फॉर्म आणि तक्ते ती साधनं खरोखरच झटपट लिहितात, आणि लिहू द्यावेत. पण 'साठा वाच, एक वजा कर, लिही' असा कोडही ती तितक्याच सहजतेने लिहून देऊ शकतात. तो तुमच्या मशीनवर चालतो, सगळ्या टेस्ट पास होतात, आणि दोन ग्राहक एकाच क्षणी आले की वरच्या प्रयोगातला घोळ होतो. तो कोड वाचून 'इथे दोन जण आले तर?' असं विचारणारा माणूस लागतो. तसंच डिसेंबरच्या अर्जाला जानेवारीत मंजुरी मिळाली तर काय करायचं, हे कोणत्याही मॉडेलला माहीत नसतं. ते त्या कार्यालयातल्या कोणाला तरी विचारावं लागतं, आणि अनेकदा विचारल्यावरच तिथे पहिल्यांदा ठरतं. माझा सल्ला असा की पहिली दोन वर्षं टेबलांची रचना आणि ट्रान्झॅक्शनचा कोड स्वतः लिहा, स्क्रीनसाठी खुशाल मदत घ्या.

कॉम्प्युटर सायन्सपेक्षा हा विषय कमी दर्जाचा आहे का? नाही, पण त्यांच्याकडचे दोन पेपर तुम्ही ऐच्छिक म्हणून घ्याच: ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क. लॉक, रांगा, वेळ संपणं, अर्धवट पोहोचलेला निरोप, या सगळ्या गोष्टी तुम्हाला रोज भेटणार आहेत. मोबाइल ॲपचा ऐच्छिक पेपर आणि खर्च-लेखांकन यांत निवड करायची असेल तर खर्च-लेखांकन घ्या. मोबाइल ॲप घरी बसूनही शिकता येतं.

उन्हाळ्याच्या इंटर्नशिपबद्दल शेवटचं. डेव्हलपमेंट टीममध्ये जागा मिळाली तर उत्तमच, पण सपोर्ट विभागात मिळाली तर हिरमुसू नका. पहिल्या इंटर्नशिपसाठी मी तर तीच पसंत करेन. तिथे दिवसभर येणाऱ्या तक्रारी वाचायला मिळतात: आकडा जुळत नाही, नोंद दोनदा झाली, मंजुरी अडकली, रिपोर्ट उघडत नाही. सोबत एक वही ठेवा आणि प्रत्येक तक्रारीपुढे लिहा की टेबलांच्या रचनेत, ट्रान्झॅक्शनमध्ये की नियम समजून घेण्यात गोष्ट फसली. ग्राहकांची नावं आणि आकडे मात्र वहीत घेऊ नका, फक्त दोषाचा प्रकार. परत आल्यावर ती वही घेऊन डेटाबेसच्या प्राध्यापकांकडे जा. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय त्यातूनच निघेल.